अमेरिकेच्या लष्करी उपग्रह भू-नियंत्रण केंद्रांचं काम कसं मिळतं: पात्रता, कागदपत्रं आणि त्यांचा क्रम

उपग्रह वर फिरत असला तरी त्याच्यामागची राबणूक जमिनीवर असते. अमेरिकेच्या स्पेस फोर्सचं सॅटेलाइट कंट्रोल नेटवर्क सात ठिकाणी पसरलं आहे: कॅलिफोर्नियातलं व्हँडेनबर्ग, न्यू हॅम्पशायरमधलं न्यू बॉस्टन, हवाई, ग्वाम, दिएगो गार्सिया, ग्रीनलँडमधलं पिटुफिक आणि इंग्लंडमधलं ओकहँगर. एकूण १९ अँटेना, त्यातल्या काही ६० फूट व्यासाच्या. या अँटेनांची बेअरिंग बदलणं, ट्रान्समीटर दुरुस्त करणं, बाजारातून हद्दपार झालेल्या सुट्या भागांना पर्याय शोधणं आणि नियंत्रण सॉफ्टवेअरला सुरक्षेचे पॅच लावणं ही बरीचशी कामं खासगी कंपन्या कंत्राटावर करतात.

मुख्य कंत्राट साधारणपणे एखाद्या मोठ्या कंपनीकडे जातं. तिला ‘प्राइम’ म्हणतात. तिच्या हाताखाली लहान कंपन्या ‘सब’ म्हणून काम करतात. अमेरिकेत स्वतःची छोटी अभियांत्रिकी कंपनी चालवणारे मराठी लोक मला नेहमी विचारतात, ‘निविदा निघाली आहे, महिनाभर आहे, अर्ज कसा भरायचा?’ महिनाभरात प्रस्ताव लिहून होतो, पण पात्रता तयार होत नाही. इथे काही कागद तुम्ही स्वतः मिळवू शकता आणि काही कागदांसाठी दुसऱ्या कुणीतरी तुमचं नाव पुढे करावं लागतं. हा फरक ज्याला आधी कळतो, त्याची दोन वर्षं वाचतात. म्हणून खालची माहिती त्याच क्रमाने देतो आहे.

आधी नागरिकत्वाचा प्रश्न

उपग्रहाचं दूरमापन, मागोवा आणि नियंत्रण यांसाठी खास बनवलेल्या जमिनीवरच्या यंत्रणा अमेरिकेच्या शस्त्रास्त्र निर्यात नियमांत, म्हणजे ‘आयटार’मध्ये, पंधराव्या वर्गात मोडतात. त्यांचे तांत्रिक आराखडे परदेशी व्यक्तीला दाखवणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते, मग ती व्यक्ती तुमच्याच ऑफिसात शेजारच्या टेबलावर का बसत असेना. एच-वन-बी व्हिसावरचा तुमचा सर्वांत हुशार इंजिनिअर परवान्याशिवाय हे आराखडे उघडू शकत नाही. भारतातल्या तुमच्या टीमकडे रात्रीच्या पाळीला काम पाठवण्याचा विचारही करू नका.

ग्रीन कार्डधारकाला आयटार ‘अमेरिकी व्यक्ती’ मानतं, त्यामुळे त्याला आराखडे पाहता येतात. गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी मंजुरी, म्हणजे ‘क्लिअरन्स’, मात्र नागरिकालाच मिळतं. जन्माने नागरिक की नंतर शपथ घेऊन झालेला, असा भेद इथे नाही.

स्वतः करता येणारी नोंदणी

सुरुवात सॅम डॉट गव्ह या सरकारी पोर्टलवर होते. नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. नाव नोंदवलं की काही दिवसांत ‘आम्ही तुमची नोंदणी करून देतो’ अशा ईमेल येऊ लागतात आणि त्या सरकारी असल्यासारख्या दिसतात. त्यांना एक पैसाही देऊ नका. मदत हवीच असेल तर ‘अ‍ॅपेक्स अ‍ॅक्सेलरेटर’ नावाची सरकारी पाठबळाची केंद्रं जवळपास प्रत्येक राज्यात आहेत आणि त्यांचा सल्ला बहुतेकदा फुकट असतो.

नोंदणीतून सरकारदरबारी कंपनीची ओळख ठरणारे दोन क्रमांक मिळतात: १२ अक्षरी यूईआय आणि पाच अक्षरी केज कोड. एप्रिल २०२२ पर्यंत यूईआयच्या जागी डन्स क्रमांक चालायचा, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांत तोच सापडेल. नोंदणीचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं. प्रस्ताव देताना आणि कंत्राट मिळतानाही ती चालू असायला हवी.

ही नोंदणी बहुतेकदा अडते ती नावावर. मी हाताळलेल्या एका नोंदणीत राज्याच्या दाखल्यावर कंपनीचं नाव ‘टेक्नॉलॉजीज’ होतं, करखात्याच्या पत्रावर ‘टेक्नॉलॉजी’. एवढ्या एका अक्षरापायी कित्येक आठवडे गेले, कारण करखात्याकडचं नाव जुळल्याशिवाय पोर्टल पुढे सरकत नाही. त्यानंतर पत्त्याचा पुरावा मागितला गेला आणि नाव व पत्ता दोन्ही एकत्र असलेला कागद आमच्याकडे नव्हता. म्हणून अर्ज उघडण्याआधी राज्याचा नोंदणी दाखला, करखात्याचं क्रमांकाचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि भाडेकरार टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. पत्ता खराखुरा हवा, टपालपेटी चालत नाही.

नोंदणीतच उद्योगाचे एनएआयसीएस कोड निवडायचे असतात. तुमची कंपनी ‘लहान’ आहे की नाही, हे कोडवर ठरतं. अभियांत्रिकी सेवांचा कोड ५४१३३० आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची मर्यादा सरासरी वार्षिक उलाढाल दोन कोटी पंचावन्न लाख डॉलर, म्हणजे २५.५ दशलक्ष, अशी ठरली. लष्करी आणि अवकाश उपकरणांच्या अभियांत्रिकीसाठी त्याच कोडात अपवाद आहे आणि तिथे मर्यादा ४७ दशलक्ष डॉलर आहे. उलाढाल पाच वर्षांच्या सरासरीने मोजतात. प्रत्येक निविदेत लागू कोड आणि मर्यादा लिहिलेली असते. तीच अंतिम समजा.

लहान कंपन्यांतही ८(ए) म्हणजे सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्या मालकांच्या, हबझोन म्हणजे मागास भागांतल्या, महिलांच्या मालकीच्या आणि सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या कंपन्या अशा राखीव गटांना वेगळं प्रमाणपत्र मिळतं. ८(ए)साठी ५१ टक्के मालकी अमेरिकी नागरिकाकडे असावी लागते. आणखी एक नियम बरेच जण विसरतात. राखीव सेवा-कंत्राटात मिळालेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त रक्कम वेगळ्या गटातल्या सब-कॉन्ट्रॅक्टरला देता येत नाही. म्हणजे नाव तुमचं आणि सगळं काम मोठ्या कंपनीचं, असा प्रकार इथे बसत नाही.

याच टप्प्यावर डीडी २३४५ हा फॉर्म भरून ठेवा. निर्यात-नियंत्रित तांत्रिक माहिती मिळवण्याचं हे प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. कित्येक निविदांचे आराखडे आणि यंत्रणेची वर्णनं पाहायला ते आधी लागतं. निविदा निघाल्यावर अर्ज केलात तर इतर लोक प्रस्ताव लिहीत असतील आणि तुम्ही आराखडा उघडण्याची वाट पाहत बसाल.

दुसऱ्याने नाव पुढे केल्याशिवाय न मिळणारं क्लिअरन्स

कंपनीला मिळणाऱ्या मंजुरीला ‘फॅसिलिटी क्लिअरन्स’ म्हणतात. ती डीसीएसए ही संरक्षण खात्याची संस्था देते. त्यासाठी थेट अर्ज करता येत नाही. एखादं सरकारी कार्यालय किंवा आधीच क्लिअरन्स असलेली कंपनी ‘आम्हाला या कंपनीची गोपनीय कामासाठी गरज आहे’ असं लेखी कळवते, तेव्हा दार उघडतं. सरकार या मंजुरीचं शुल्क घेत नाही. ‘पैसे घेऊन क्लिअरन्स काढून देतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून या.

नव्या लहान कंपनीचा खरा रस्ता त्यामुळे प्राइमच्या दारातून जातो. आधी गोपनीय नसलेलं छोटं काम घ्या: सुट्या भागांची यादी अद्ययावत करणं, तांत्रिक पुस्तिका लिहिणं, वीज आणि वातानुकूलन यंत्रणेची देखभाल. तुमचं काम पटलं की प्राइमलाच तुम्ही हवे असता आणि स्पॉन्सरशिपचं पत्र तिथून येतं. मोठ्या कंपन्यांना कामाचा काही हिस्सा लहान कंपन्यांना देण्याची योजना सरकारला सादर करावी लागते, त्यामुळे त्यांच्याकडे लहान उद्योगांसाठी वेगळा अधिकारी असतो. त्याला भेटा.

पत्र आल्यावर मुख्य कागद दोन. डीडी ४४१ हा संरक्षण खात्याशी होणारा सुरक्षा करार. एसएफ ३२८ हे परदेशी हितसंबंधांचं प्रतिज्ञापत्र. यात पाच टक्के किंवा अधिक मतदान-समभाग परदेशी व्यक्तीकडे आहेत का, संचालकांत परदेशी नागरिक आहे का, परदेशी कर्ज आहे का, उत्पन्न बाहेरून येतं का, हे सगळं विचारलेलं असतं. सुरुवातीला भावाने भारतातून भांडवल घातलं असेल, तर ते इथे सांगायचं. परदेशी हितसंबंध असले म्हणजे दार बंद झालं असं नाही. संचालक मंडळाच्या ठरावापासून परदेशी मालकाचा मतदानाचा हक्क अमेरिकी नागरिकांकडे सोपवणाऱ्या प्रॉक्सी करारापर्यंत त्यावरचे उपाय ठरलेले आहेत. लपवलेलं उघड झालं, तर मात्र उपाय नाही.

कंपनीत किमान तीन भूमिका नेमाव्या लागतात: सर्वोच्च व्यवस्थापन अधिकारी, सुविधा सुरक्षा अधिकारी म्हणजे एफएसओ, आणि अंतर्गत धोक्यांवर लक्ष ठेवणारा वरिष्ठ अधिकारी. लहान कंपनीत एकच माणूस एकाहून अधिक भूमिका सांभाळू शकतो. या सगळ्यांना वैयक्तिक क्लिअरन्स लागतं.

वैयक्तिक क्लिअरन्सचा एसएफ ८६ हा फॉर्म आपल्या लोकांनी शांतपणे, दोन-तीन बैठकांत भरावा. दहा वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या, परदेश प्रवास, आई-वडील, भावंडं, सासू-सासरे आणि त्यांचं नागरिकत्व, परदेशातली बँक खाती आणि मालमत्ता असं सगळं त्यात येतं. गावाकडच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात तुमचं नाव चढलं असेल, तर ती परदेशातली मालमत्ताच. भारतात राहिलेलं बँक खातं लिहायचं. ओसीआय कार्ड असेल, तर ते कुठे नोंदवायचं हे एफएसओला विचारून ठरवा. भारतात आई-वडील आहेत म्हणून क्लिअरन्स नाकारतात, ही भीती मी पुष्कळांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. तपास करणारे संपूर्ण माणूस तोलतात: संबंध कसले, दबाव येण्याची शक्यता किती, आणि सांगितलेलं खरं आहे का. विसरलेली नोंद आठवली की लगेच कळवा.

सायबर सुरक्षा: इथे सर्वांत जास्त वेळ आणि पैसा जातो

संरक्षण खात्याने सीएमएमसी ही तपासणी १० नोव्हेंबर २०२५ पासून कंत्राटांत टप्प्याटप्प्याने आणायला सुरुवात केली. पहिल्या पातळीत १५ अटी आहेत आणि कंपनी दर वर्षी स्वतःची तपासणी करते. नियंत्रित माहिती, म्हणजे गोपनीय नसली तरी सरकारने जपायला सांगितलेली माहिती, हाताळणाऱ्यांना दुसरी पातळी लागते. भू-नियंत्रण केंद्राचा आराखडा म्हणजे बहुधा नियंत्रित माहितीच, तेव्हा तयारी दुसऱ्या पातळीचीच धरा. तिथे एनआयएसटी ८००-१७१ या मानकाच्या ११० अटी आहेत. काही कंत्राटांत स्वतःची तपासणी चालते, काहींत मान्यताप्राप्त बाहेरच्या संस्थेकडून दर तीन वर्षांनी तपासून घ्यावं लागतं.

गुण ११० पैकी असले तरी अटींना वजनं वेगवेगळी असल्याने ते शून्याच्या खाली, उणे २०३ पर्यंत जाऊ शकतात. सशर्त मान्यतेसाठी किमान ८८ गुण लागतात आणि उरलेल्या त्रुटी १८० दिवसांत भरून काढाव्या लागतात. सगळ्यात आधी ‘सिस्टिम सिक्युरिटी प्लॅन’ लिहा, कारण तो नसेल तर गुणच मोजता येत नाहीत. कोणत्या संगणकावर ही माहिती येते, कुणाच्या हातात जाते, कुठे साठते, हे त्यात चित्रासह असावं. चार लॅपटॉपच्या कंपनीने सगळं ऑफिस नियमांत बसवण्यापेक्षा नियंत्रित माहितीसाठी वेगळं छोटं वर्तुळ आखलं, तर खर्च पुष्कळ आटोक्यात येतो. घुसखोरीची घटना घडल्यास ७२ तासांत कळवणं बंधनकारक आहे.

शिवाय ऑफिसातले कॅमेरे आणि राउटर तपासा. ह्वावे, झेडटीई, हिकव्हिजन, दहुआ यांच्या उपकरणांवर कंत्राटदारांसाठी बंदी आहे आणि त्याचं लेखी निवेदन द्यावं लागतं. दारावर लावलेला स्वस्तातला कॅमेरा दुसऱ्याच नावाने विकलेला असतो, म्हणून आतला निर्माता पाहा.

हिशेबाची पद्धत

काम निश्चित किमतीचं असेल तर हिशेब तुमचा तुम्ही ठेवता. पण जुन्या अँटेना उघडल्यावर आत काय निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून देखभालीच्या कंत्राटांत खर्च-अधिक-शुल्क असा प्रकार बराच दिसतो. त्यासाठी एसएफ १४०८ या फॉर्मच्या निकषांवर तुमची हिशेबपद्धत तपासली जाते: थेट आणि अप्रत्यक्ष खर्च वेगळे, प्रत्येक कंत्राटाचा खर्च वेगळा, आणि कामाच्या तासांची नोंद ज्याची त्याने, रोजच्या रोज. शुक्रवारी संध्याकाळी आठवडाभराचे तास आठवून भरणं ही पहिली पकडली जाणारी चूक.

निविदा हातात आल्यावर

निविदेआधी सरकार ‘सोर्सेस सॉट’ ही सूचना काढतं: हे काम करू शकणारे कोण आहेत? तिला उत्तर द्या. लहान कंपन्यांकडून पुरेशी उत्तरं आली, तरच काम राखीव ठेवायचं की नाही हा विचार होतो.

निविदा आली की विभाग एल आणि एम आधी वाचा. एलमध्ये प्रस्ताव कसा लिहायचा ते असतं, एममध्ये गुण कशावर. पानांची मर्यादा ओलांडली तर जादा पानं वाचली जात नाहीत. डीडी २५४ हा सुरक्षा अटींचा फॉर्म जोडलेला असेल तर त्यात क्लिअरन्सची पातळी कळते. तंत्रज्ञांना किमान किती मजुरी द्यायची, याचा तक्ताही सोबत असतो. दर ठरवण्याआधी तो पाहा.

मागील कामाच्या वर्णनात ‘आम्ही या क्षेत्रात अग्रेसर आहोत’ असली वाक्यं जागा खातात. अँटेनेचं बेअरिंग बदललं तेव्हा संपर्काच्या वेळा कशा सांभाळल्या, किती तास यंत्रणा बंद ठेवली, सुटा भाग मिळत नव्हता तेव्हा काय केलं, हे लिहा. आधीचं काम नसेल तर नियमाप्रमाणे त्याचे गुण ना चांगले धरतात ना वाईट. मुख्य माणसांचा आणि सब-कॉन्ट्रॅक्टरचा अनुभवही दाखवता येतो. ज्या यंत्रणेचे निकष तुम्ही सरकारला लिहून दिले, तिच्याच देखभालीसाठी बोली लावत असाल, तर तो हितसंबंधांचा संघर्ष आहे. तो स्वतःहून मांडा.

काम मिळालं नाही तर

निकालाचं पत्र आल्यापासून तीन दिवसांत ‘डीब्रीफिंग’ची लेखी मागणी करा. त्यात तुमच्या प्रस्तावातल्या उणिवा आणि तुमचं मूल्यमापन सांगावं लागतं. संरक्षण खात्याच्या कामांत त्यानंतर दोन कार्यदिवसांत पुढचे प्रश्न लेखी पाठवता येतात. निवड नियमाबाहेर झाली असं कागदांवरून दिसत असेल, तर जीएओ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेकडे तक्रारीची मुदत डीब्रीफिंगनंतर दहा दिवस आहे. काम तात्पुरतं थांबावं असं वाटत असेल तर पाचच दिवस. जीएओ १०० दिवसांत निर्णय देतं. बहुतेक वेळा तक्रारीपेक्षा जिंकलेल्या प्राइमला त्याच आठवड्यात फोन करणं जास्त उपयोगी पडतं. तिला नवं काम सुरू करायला माणसं हवी असतात, आणि सॅमची नोंदणी, डीडी २३४५ आणि सायबर तपासणीचे गुण तयार असलेली लहान कंपनी तिला शोधावीच लागते.