फील बॅड की फील बॅडली?

'आय फील बॅड' असं बरोबर वाक्य कुणीतरी लिहितं आणि दुसरं कुणीतरी ते 'आय फील बॅडली' असं 'सुधारून' देतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं. चूक करणाऱ्यापेक्षा बरोबर वाक्य बिघडवणाऱ्याचा मला जास्त त्रास होतो, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून चार जण तेच शिकतात.

'बॅड' हे विशेषण, 'बॅडली' हे क्रियाविशेषण. विशेषण नामाबद्दल सांगतं, हे शाळेपासून पाठ आहे. क्रियाविशेषण हे नाव मात्र अर्धवट आहे. ते क्रियापदाबद्दल सांगतंच, पण विशेषणाबद्दल ('व्हेरी टॉल'), दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल ('टू स्लोली') आणि अख्ख्या वाक्याबद्दलही सांगतं.

इंग्रजी क्रियाविशेषणाच्या शेवटी बहुधा येणाऱ्या 'ली'वर फार वेळ घालवू नका. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'लोन्ली' ही 'ली' असूनही विशेषणं आहेत. 'फास्ट' आणि 'हार्ड' तसेच राहून दोन्ही कामं करतात. 'हार्डली' म्हणजे 'जेमतेम', त्यामुळे 'ही वर्क्स हार्डली' लिहिलंत तर कष्टाळू माणूस कामचुकार ठरतो. एवढं पाठ केलं की पुरे.

खरा घोळ पुढे आहे आणि तो आपल्या भाषेतून येतो. 'ती सुंदर गाते' आणि 'ती सुंदर दिसते' ही वाक्यं बघा. 'सुंदर' दोन्हीकडे तोच. पण पहिल्यात तो गाण्याबद्दल बोलतो, दुसऱ्यात तिच्याबद्दल. मराठीत रूप बदलत नाही म्हणून कानाला फरक कळत नाही. इंग्रजीत तो दाखवावाच लागतो: 'शी सिंग्ज ब्यूटिफुली', पण 'शी लुक्स ब्यूटिफुल'. 'तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते' यात तर आपलं क्रियाविशेषण लिंगाप्रमाणे विशेषणासारखं बदलतं. व्याकरणात त्याला सविकारी क्रियाविशेषण म्हणतात. 'ही प्लेज गुड' ही चूक इथूनच येते. प्रमाण इंग्रजीत 'ही प्लेज वेल' हवं.

मग 'लुक्स'नंतर विशेषण का? शाळेतलं अपूर्ण विधान क्रियापद आठवा. 'मुलगा हुशार आहे' यात 'आहे' एकटं काही सांगत नाही, 'हुशार' हे विधानपूरक लागतं आणि ते मुलाचं वर्णन करतं. इंग्रजीत 'बी', 'सीम', 'बिकम' हे काम करतात. 'लुक', 'फील', 'स्मेल', 'टेस्ट', 'साउंड' हेही करतात. अडचण एवढीच की यातली बरीचशी क्रियापदं दुसऱ्या वाक्यात खरीखुरी कृतीही दाखवतात.

'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो रागावलेला दिसला. 'ही लुक्ड अँग्रिली ॲट द बॉय' म्हणजे त्याने मुलाकडे रागाने पाहिलं. इंग्रजीत एकच 'लुक', पण मराठीत 'दिसणं' आणि 'पाहणं' असे दोन वेगळे शब्द! 'स्मेल'चंही तसंच: वास येणं आणि हुंगणं. 'टेस्ट': चव लागणं आणि चाखणं. 'फील': वाटणं आणि चाचपणं. ज्या मराठीने गोंधळ घातला, तीच तो सोडवायलाही मदत करते. अशा क्रियापदापाशी अडलात तर वाक्य मराठीत, भूतकाळात म्हणून बघा. 'तो दिसला', 'तिला वाटलं', 'चव लागली' असं निघालं तर विशेषण. 'त्याने पाहिलं', 'तिने चाचपलं' असा 'ने' आला तर क्रियाविशेषण. ही कसोटी फक्त या दुहेरी क्रियापदांपुरती वापरा, सगळीकडे लावू नका.

इंग्रजीतल्या इंग्रजीत पडताळायचं असेल तर क्रियापदाच्या जागी 'इज' किंवा 'वॉज' घाला. 'द सूप टेस्ट्स गुड'चं 'द सूप इज गुड' होतं, वाक्य उभं राहतं. 'शी टेस्टेड द सूप केअरफुली'चं काही केल्या होत नाही.

आता 'आय फील बॅड' तपासा: मला वाईट वाटतं. 'वाटतं' आलं, विषय संपला. ('फील बॅडली' कानावर पडतं हे मला ठाऊक आहे, पण मी ते कधीच लिहिणार नाही.)

'ड्राइव्ह स्लो' लिहिलेल्या पाटीलाही उगाच नावं ठेवू नका. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी 'ए' जोडून क्रियाविशेषण होत असे. पुढे ते अक्षर गळलं आणि 'फास्ट', 'हार्ड' यांची दोन्ही रूपं सारखी झाली. 'स्लो'ही त्यांच्यासारखंच दोन्ही कामं करतं. औपचारिक लेखनात मी 'स्लोली'च लिहीन, पण पाटी चुकलेली नाही.

आणि 'हाउ आर यू'ला 'आय ॲम गुड' म्हणणाऱ्याला टोकणंही थांबवा. 'ॲम'नंतर विशेषण येतं आणि 'गुड' विशेषणच आहे. 'आय ॲम वेल'मधला 'वेल'सुद्धा क्रियाविशेषण नाही. 'तब्येतीने ठीक' या अर्थाचं ते विशेषणच आहे.