वाळा की देवगांडूळ?

जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की माझ्या मोबाइलवर फोटो यायला लागतात. मोरीतला, तुळशीच्या कुंडीतला, शेणखताच्या खड्ड्यातला. सोबत एकच प्रश्न: "साप आहे का हो?" बऱ्याचदा मी उत्तर देईपर्यंत त्याच्यावर मूठभर मीठ पडलेलंही असतं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर या प्रश्नाची उत्तरं बहुतेक वेळा दोनच. एक तर वाळा, नाही तर देवगांडूळ. दोघंही मातीत राहतात, दोघांनाही पाय नाहीत, डोळे असून नसल्यासारखे. पण वाळा हा खरोखरचा साप आहे, नागाच्या लांबच्या भावकीतला. देवगांडूळ उभयचर आहे, म्हणजे बेडकाच्या बाजूचं. गांडूळ तर दोघांपैकी कुणीच नाही. गांडुळाला हाडं नसतात. या दोघांना कवटी आहे, जबडा आहे, मणक्यांची लांबलचक माळ आहे.

वाळा बुटाच्या नाडीएवढा, जेमतेम वीतभर. अंग कोरडं आणि पॉलिश केल्यासारखं चकचकीत. भिंगातून पाहिलं तर सगळीकडे एकसारखे बारीक खवले दिसतात, पोटावरसुद्धा. एरवी सापाच्या पोटाखाली आडव्या रुंद पट्ट्या असतात, त्या वाळ्याला नाहीत. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके. हातात धरला तर शेपटाच्या टोकाचा इवलासा काटा टोचून बघतो. काहीही होत नाही, विष नाही. झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो म्हणून त्याला मारतात, तेही उगाचच. त्याला हवी असतात मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या. खाण्याची तऱ्हा मात्र बघण्यासारखी. खालच्या जबड्याला दातच नाहीत. वरच्या जबड्यातली दात असलेली दोन हाडं भराभर मागेपुढे होतात आणि दाताळ्याने पाला ओढावा तशी अळी आत ओढली जाते.

देवगांडूळ जाडजूड आणि ओलं. अंगावर खवले दिसत नाहीत, दिसतात ती वलयं, बांगड्या चढवल्यासारखी. गंमत म्हणजे आपल्याकडच्या देवगांडुळांना खवले असतात, पण या वलयांच्या खाचांत, कातडीच्या आत दडलेले. हातात घेतलं की बुळबुळीत लागतं आणि साबणाच्या वडीसारखं निसटतं. दात सुईसारखे, मागे वळलेले. गांडूळ तोंडात धरून ते स्वतःभोवती गरगर फिरतं आणि घास पिळून तोडतं. नक्की ओळखायचं तर डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये बघा. तिथे एक बारीक स्पर्शक असतो, आत-बाहेर होणारा, मातीतला वास टिपणारा. पृथ्वीवर दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला असा अवयव नाही. शेपूट हवं असेल तर शोधत बसाल. सह्याद्रीतल्या काही देवगांडुळांना ते नावापुरतं आहे, बाकीच्यांना तेवढंही नाही.

नावांनी तर शास्त्रज्ञांनीही घोळ घालून ठेवलाय. वाळ्याचं कूळ इंडोटायफ्लॉप्स. आणि १९६० साली अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी खंडाळ्याच्या देवगांडुळाला कुळाचं नाव दिलं इंडोटायफ्लस! दोन्हींच्या मुळाशी ग्रीक शब्द एकच, अर्थ 'आंधळा'.

इथवरचा फरक अंगाचा. मला जास्त नवल वाटतं ते संसाराचं. आपल्या कुंड्यांतल्या वाळ्याच्या जातीत नर नाहीत. सगळ्या माद्या, आणि गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच. मादी एकटीच मोजकी अंडी घालते, त्यातून पुन्हा माद्याच निघतात. म्हणजे नवीन गावात वस्ती करायला एक वाळा पुरतो. कुंडीतल्या मातीतून, रोपांच्या मुळांशी दडून ही जात अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर जाऊन बसली आहे.

देवगांडुळांची तऱ्हा एक नाही. इक्थिओफिस कुळातली मादी ओढ्याकाठच्या ओल्या मातीत अंडी घालते आणि त्यांना वेटोळं घालून बसते. पिल्लं निघतात ती पाण्यात उतरतात, शेपटाला पर असलेल्या डिंभांच्या, म्हणजे बेडूकमाशासारख्या बालरूपात काही महिने पोहतात आणि मग रूप बदलून मातीत येतात. बेडकाचीच गोष्ट, फक्त आईची राखण जास्तीची. गेजेनिओफिस कुळात बहुतेकांनी पाण्याचा टप्पाच गाळलाय, अंड्यातून थेट छोटं देवगांडूळ बाहेर येतं. आणि याच कुळातली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावची जात, जिचं वर्णन २००३ मध्ये झालं आणि जिला देवगांडुळांवर काम केलेल्या बी. आर. शेषाचार यांचं नाव मिळालं, ती चक्क जिवंत पिल्लांना जन्म देते. एकाच डोंगररांगेत, एकाच पावसात, तीन रीती.

मग दिसायला इतके सारखे कसे? मातीमुळे. दोघांचे पूर्वज ३० कोटी वर्षांहूनही आधी वेगळे झाले, आणि तेव्हा दोन्हींकडे पाय होते. अ‍ॅरिझोनात सापडलेल्या ज्युरासिक काळातल्या इओसिसिलिया या देवगांडुळाच्या नातलगाला छोटे पाय आहेत. सापांच्या बाजूला अर्जेंटिनाच्या नजाश नावाच्या जीवाश्मात मागचे पाय शिल्लक आहेत. बिळात घुसायचं तर पाय आडवे येतात, डोळ्यांचा उपयोग नाही, आणि अंग जितकं नळीसारखं तितकं बरं. दोघं वेगवेगळ्या वाटेने तिथेच पोचले. इतकं की अरुंद अंगात मावावं म्हणून डावं फुफ्फुस दोघांनीही आवरतं घेतलं आहे.

फिरण्याच्या बाबतीत मात्र देवगांडूळ वाळ्याच्या अगदी उलट. डोर्लेच्या देवगांडुळाचे जवळचे नातलग थेट हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर राहतात. ते कुंडीतून गेले नाहीत, आणि पोहून तर नाहीच नाही. त्या उघड्या ओल्या कातडीला खारं पाणी सोसत नाही. सेशेल्स आणि भारत ही एकच जमीन होती, ती साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दुभंगली. जे देवगांडूळ जिथे होतं, ते तिथेच राहिलं.

मूठभर मिठाने जे होतं त्याचं कारणही हीच कातडी. वाळ्यावर टाकलं तर खवले झटकून तो निघून जाईल. देवगांडूळ मरतं.