हूल आणि आमिष: ऑनलाइन बॉक्सिंगमधले दोन वेगळे डाव

"त्याने डावा हात खाली सोडला, मी लगेच उजवा मारला आणि पुढच्या क्षणी मीच खाली. काय जबरदस्त फेंट होती!"

बॉक्सिंगचा व्हिडिओ गेम ऑनलाइन खेळणाऱ्या एका मित्राने गेल्या महिन्यात मला हे सांगितलं. त्याचं वर्णन बरोबर होतं, नाव चुकलं होतं. फेंट म्हणजे हूल, आणि त्याला मिळाली ती हूल नव्हती. त्याच्यापुढे आमिष टाकलं होतं आणि त्याने ते गिळलं. एकाच शब्दात दोन्ही गोष्टी कोंबल्या की सरावही चुकीचा होतो. हा मित्र त्यानंतर आठवडाभर स्वतः अर्धे जॅब (पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे) दाखवण्याचा सराव करत बसला, आणि हात खाली सोडणाऱ्या प्रत्येकाकडून तसाच मार खात राहिला.

दोन्हींतला फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: हे केल्यावर पुढचा ठोसा कोणी मारायचा आहे? मी मारायचा असेल तर ती हूल. त्याने मारावा अशी माझी इच्छा असेल तर ते आमिष. हूल समोरच्याचा बचाव हलवते, आमिष त्याच्या हल्ल्याला बोलावतं.

मी बोलतोय ते 'अनडिस्प्युटेड' या बॉक्सिंगच्या व्हिडिओ गेमबद्दल. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या स्टील सिटी इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने तो बनवला. ३१ जानेवारी २०२३ ला तो स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच खेळायला) आला आणि ११ ऑक्टोबर २०२४ ला पूर्ण स्वरूपात. त्याआधी २०११ च्या 'फाइट नाइट चॅम्पियन'वरच बॉक्सिंगवेड्यांनी इतकी वर्षं काढली होती. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या जुन्या गेमलाही लागू पडतं.

आधी हूल. खो-खो पाहिलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. पळणारा खांदा डावीकडे टाकतो, पाठलाग करणारा तिकडे झुकतो आणि पळणारा उजवीकडून निसटतो. रिंगमध्ये खांद्याच्या जागी हात येतो. ठोसा सुरू करायचा आणि मध्येच मागे घ्यायचा. समोरच्याने तोंडासमोर गार्ड, म्हणजे बचावाचे हात, उचलला की बरगड्या उघड्या पडतात. तो मागे झुकला की त्याला सावरायला क्षणभर लागतो. तुमचा खरा ठोसा त्या क्षणात बसला पाहिजे.

पण हूल चालायची तर आधी विश्वास कमवावा लागतो. तुमचा खरा जॅब त्याच्या नाकावर दोन-तीनदा बसलेला नसेल, तर खोट्या जॅबला तो कशाला घाबरेल? पहिल्या राउंडच्या पहिल्या तीस सेकंदांत हूल देत सुटणारे खेळाडू मला रोज भेटतात. मी हात वर ठेवून शांत उभा राहतो, कारण त्यांच्या हातात जोर आहे की नाही हेच अजून मला कळलेलं नसतं. मी स्वतः आधी खरे जॅब मारतो आणि मगच त्यात एखादा खोटा मिसळतो. जॅब खरा असो वा खोटा, सुरुवात हुबेहूब सारखी दिसली पाहिजे. तेच अंतर, तोच पाय पुढे. बरेच जण हूल देताना जागेवर उभे राहतात आणि खऱ्या ठोशाच्या वेळी पाऊल टाकतात. चांगला खेळाडू हा फरक दोन मिनिटांत टिपतो आणि मग तुमच्या हुलीकडे ढुंकूनही बघत नाही.

हुलीचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. ती प्रश्न विचारते. अर्धा जॅब दाखवल्यावर हा गार्ड वर नेतो, मागे सरकतो, डावीकडे झुकतो की लगेच उलट मारतो? पहिल्या राउंडमध्ये मला एवढंच उत्तर हवं असतं. तिथे खरा ठोसा मागोमाग नाही मारला तरी चालतं.

आता आमिष. इथे तुम्ही एक दार उघडं ठेवता, आणि एकच. डावा हात थोडा खाली ठेवला की त्याच्या उजव्या हाताला वाट दिसते. त्याचा उजवा येणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असल्यामुळे उत्तर तयार ठेवता येतं: बाजूला झुकून डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) किंवा अर्धं पाऊल मागे घेऊन सरळ उजवा. दोन्ही हात खाली सोडले तर तो कुठूनही मारू शकतो. ते आमिष राहत नाही, तो निव्वळ जुगार होतो.

गार्डशिवाय आणखी दोन प्रकारे आमिष टाकता येतं. एक अंतराचं: त्याचा उजवा अगदी थोडक्यात चुकेल इतक्या अंतरावर उभं राहायचं. त्याला वाटतं पोचेल, पण हात हवेत जातो. चुकलेल्या ठोशाने स्टॅमिना, म्हणजे दम, जातो आणि हात परत येईपर्यंत चेहरा उघडा राहतो. दुसरं सवयीचं, आणि मला सर्वांत आवडणारं. जॅब मारून मागे सरकायचं, पुन्हा जॅब मारून मागे, तिसऱ्यांदाही तसंच. चौथ्या वेळी तो तुमच्या मागे सरकण्यावर नेम धरून आत घुसतो. तुम्ही त्या वेळी मागे जातच नाही.

मागच्या रविवारी रात्री अशीच एक लढत झाली. माझ्याकडे गेममधला मेक्सिकन बॉक्सर कानेलो होता. समोरचा उंच, लांब हातांचा बॉक्सर घेऊन आला होता आणि पहिल्या दोन राउंड त्याने मला जवळ फिरकू दिलं नाही. पण मी डावीकडे सरकलो की तो दर वेळी उजवा ओव्हरहँड (वरून वळवून आणलेला ठोसा) मारतो, हे माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या राउंडमध्ये मी तीनदा डावीकडे सरकलो आणि तिन्ही वेळा त्याचा ठोसा गार्डवर घेतला. चौथ्यांदा सरकायला सुरुवात केली आणि जागेवरच थांबलो. त्याचा हात माझ्या डोक्यावरून गेला. त्याचा गार्ड परत येण्याआधी माझा डावा हुक यकृताच्या जागी बसला, वर त्याच हाताने दुसरा हनुवटीवर. यात मी हूल दिलीच नाही. मी सरकलो ते खरोखर सरकलो, शेवटची वेळ सोडून.

खऱ्या रिंगमधलं सर्वांत मोठं आमिष म्हणजे ३० ऑक्टोबर १९७४ ची किन्शासातली लढत. जॉर्ज फोरमन तोवर ४० लढतींत अजिंक्य होता, त्यातल्या ३७ त्याने नॉकआउटने जिंकलेल्या. मुहम्मद अलीने दोरांना टेकून त्याला मारू दिलं, आणि थकलेल्या फोरमनला आठव्या राउंडमध्ये पाडलं. गेममध्ये मात्र या नादाला लागू नका. अंगावर बसणारे ठोसे तुमचाच स्टॅमिना खातात. फोरमन थकला तसा समोरचा थकेल याची खात्री नसते, कारण तोही पडद्यावरच्या स्टॅमिनाच्या पट्टीकडे बघत असतो. गेममधलं आमिष लहान हवं: एक ठोसा बोलवायचा, त्याचं उत्तर द्यायचं, बाहेर पडायचं.

आमिष निकामी कसं होतं हे पाहायचं तर हा गेम जिथे बनला त्या शेफील्डच्याच नसीम हमीद या बॉक्सरकडे बघा. हात कमरेशी सोडून, हनुवटी पुढे काढून तो समोरच्याला मारायला बोलवायचा. ३५ लढती, ३५ विजय. ७ एप्रिल २००१ ला लास व्हेगासमध्ये मार्को अँतोनियो बरेरा त्याच्यासमोर आला आणि त्याने घाईच केली नाही. उघड्या हनुवटीवर झेप न घेता तो जॅब मारत राहिला, बेताने डावा हुक घालत राहिला. बारा राउंडनंतर तिन्ही पंचांनी बरेराला विजयी ठरवलं. हमीदचा तो एकमेव पराभव.

यावरून कुणापुढे काय चालतं ते कळतं. जो तुमच्याकडे बघतच नाही, नुसती बटणं बडवतो, त्याला हूल देणं व्यर्थ आहे. तुमचा अर्धा जॅब त्याला दिसतही नाही आणि त्याचा पूर्ण ठोसा तुम्हाला लागतो. त्याला आमिष टाका. उलट जो गार्डमागे दडून बसलाय, त्याला कितीही मोकळी हनुवटी दाखवा, तो मारणारच नाही. त्याला हूल द्या आणि बरगड्यांवर जा.

तिसरा प्रकार अवघड असतो: वाट बघून काउंटर, म्हणजे तुमच्या ठोशावर उलट ठोसा, मारणारा. त्याच्यासमोर या दोन गोष्टी एकत्र येतात, आणि गोंधळही बहुधा इथूनच सुरू होतो. तुम्ही अर्धा जॅब दाखवता तो त्याने गार्ड उचलावा म्हणून नव्हे, तर त्यावर काउंटर मारावा म्हणून. हालचाल हुलीची, हेतू आमिषाचा. पुढचा ठोसा त्याने मारायचा आहे, म्हणून माझ्या हिशेबी हे आमिषच. असा अर्धा जॅब दाखवताना वजन मागच्या पायावर ठेवा, कारण तुम्हाला लगेच मागे जायचंय. साध्या हुलीत ते पुढे जायला तयार हवं.

आता लॅगबद्दल, म्हणजे इंटरनेटमुळे होणाऱ्या उशिराबद्दल, कारण भारतातून खेळताना तो विसरून चालत नाही. समजा समोरचा लंडनमध्ये बसलाय. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यात ७२ मिलिसेकंद गेले. पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, या हिशेबाने चार फ्रेमहून जास्त. खरी वाट याहून लांबच असते, आणि डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात ते वेगळेच. म्हणून दूरच्या खेळाडूसमोर हूल देऊन, तो काय करतो ते बघून मग मारू असं म्हणाल तर उघडलेली फट बुजलेली असते. त्याचा स्वभाव आधी ओळखा आणि हुलीमागचा ठोसा आधीच ठरवून ठेवा. आमिष टाकायचं तर अंतराचं टाका. त्यात त्याचा हात आपोआप तोकडा पडतो, ऐन वेळी झुकावं लागत नाही. हात खाली सोडण्याचा प्रकार जवळच्या, चांगल्या पिंगच्या (कमी लॅगच्या) लढतींसाठी राखून ठेवा.

तो मित्र परवा माझ्या शेजारी बसून खेळत होता. दुसऱ्या राउंडमध्ये समोरच्याने पुन्हा तसाच डावा हात खाली सोडला. मित्राने उजवा खांदा पुढे काढला, ठोसा सुरू केला आणि मध्येच मागे घेतला. समोरच्याचा तयार ठेवलेला डावा हुक त्याच्या नाकासमोरून हवेत गेला. मग मात्र मित्राने उजवा मारला.