बंदी दुकानात, मशेरी चुलीवर

महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये. पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीवरही आली. अधूनमधून गुटख्याचे टेम्पो पकडले जातात, पेपरात पोत्यांचे फोटो येतात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा २००३ च्या कायद्यातला नियम. त्यासाठी काही शाळांबाहेर रस्त्यावर पिवळी रेघही मारलेली दिसते. हे सगळं हवंच. पण या सगळ्याचा रोख दुकानावर आहे, आणि आपल्याकडच्या लाखो बायका जी तंबाखू वापरतात ती बहुतेकदा दुकानात नव्हे, घरातच तयार होते. साधी पानाची तंबाखू आणायची (तिच्यावर बंदी नाही), तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. झाली मशेरी.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणातले महाराष्ट्राचे आकडे पाहा. पंधरा वर्षांवरच्या बायकांमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या १.४ टक्के, तर बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. पुरुषांतही ओढणारे ६ टक्के आणि तोंडात ठेवणारे ३१.७ टक्के. असं असताना दवाखान्याच्या भिंतीवर मात्र लाल फुली मारलेली सिगारेटच असते. मशेरीची डबी कमरेला खोचून आलेल्या बाईला ते चित्र नवऱ्यासाठी लावलंय असं वाटलं, तर तिची काय चूक?

भाजल्यानं तंबाखू ‘मरते’, सौम्य होते, असा समज आहे. होतं उलटंच. तंबाखूत नायट्रोसमाइन नावाची कर्करोगकारक द्रव्यं मुळातच असतात. पानं वाळवताना, मुरवताना ती तयार होतात. तव्यावर पान अर्धवट जळतं तेव्हा त्यांत बेंझोपायरीनसारख्या द्रव्यांची भर पडते. सिगारेटच्या धुरातून फुप्फुसात जाणाऱ्या डांबरात जे सापडतं, त्याच जातकुळीचं हे. म्हणजे धूर न ओढताही धुरातलं विष हिरडीवर चोळलं जातं.

निकोटीन तोंडाच्या आतल्या ओल्या त्वचेतून थेट रक्तात उतरतं. चुना मळला की ते आणखी सहज उतरतं, कारण अल्कधर्मी वातावरणात निकोटीनचा विद्युतभार जातो आणि पेशींचं आवरण त्याला अडवत नाही. लाळेबरोबर थोडं पोटातही जातं आणि आतड्यांची हालचाल वाढवतं. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे बायका सांगतात ते बहाणा म्हणून नव्हे. आतड्याला खरंच त्या धक्क्याची सवय लागलेली असते. सोडल्यावर काही दिवस पोट अडतं, डोकं दुखतं, चिडचिड होते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट, मग दोन-चार आठवड्यांत उतार पडतो. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर बाई तिसऱ्या दिवशी डबी उघडते.

गरोदरपणात तर हा हिशेब दोन जिवांचा. मुंबईतल्या १,२१७ बायकांचा गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत मागोवा घेणारा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे १७ टक्के बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, बहुतेक जणी मशेरीच. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त निघालं.

मग घरातल्या तव्यापर्यंत पोचायचं कसं? याचं एक जुनं उत्तर मुंबईतूनच आलेलं आहे. डॉ. फली मेहता आणि प्रकाश गुप्ता यांच्या गटानं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बसून, आधी महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडं तपासली. तो अहवाल १९७२ चा. नंतर केरळातला एर्नाकुलम, गुजरातेतला भावनगर आणि आंध्रातला श्रीकाकुलम या जिल्ह्यांत तंबाखू वापरणारे ३६,००० लोक निवडले. दंतवैद्य आणि समाजसेवक त्यांच्या घरी जात, तोंड तपासत आणि समोर बसून तंबाखू सोडण्याविषयी बोलत. जोडीला चित्रपट, पोस्टर, वर्तमानपत्रंही होती. आधीच्या, असं काही न सांगितलेल्या गटापेक्षा इथे तंबाखू सोडणारे जास्त निघाले. एर्नाकुलममध्ये तोंडातले पांढरे चट्टे नव्यानं येण्याचं प्रमाण घटलं, आणि या चट्ट्यांतूनच पुढे कर्करोग उद्भवू शकतो. १९८६ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. यंत्र नाही, औषध नाही. तोंडात बघायचं आणि बोलायचं.

आज हे काम करू शकेल अशी व्यक्ती गावोगाव आहे, आशाताई. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांचा फॉर्म ती भरते, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. इथे एक मेख आहे. ‘काकू, तंबाखू खाता का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नाही गं बाई.’ खोटं नसतं ते. काकू खात नाहीत, लावतात. आणि रकान्यात ‘नाही’ची खूण पडते. तेव्हा ‘दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा?’ असं विचारायला हवं. सकाळी एकदा दात घासण्यापासून सुरू झालेली मशेरी दुपारी काम आटोपल्यावर, संध्याकाळी स्वयंपाकाआधी अशी वाढत जाते. ती दिवसात कोणकोणत्या वेळी लागते हे कळलं, तर आधी कुठली वेळ गाळायची ते ठरवता येतं. पोटासाठी भरपूर पाणी, भाजी, फळं, चालणं. तलफ फार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं निकोटीनचा च्युइंगगम, तोही सतत न चघळता गालात धरून. गरोदर बाईनं मात्र तो मनानं घेऊ नये. आणि पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर लगेच दवाखाना. लाल चट्टा अधिक धोक्याचा.

तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत सरकारी क्रमांक आहे, १८००-११-२३५६. तो तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. मशेरीच्या डबीवर तो नसणार. आशाताईनं गरोदर बाईच्या कार्डावर पेनानं लिहून द्यायला मात्र कुठल्याही शासननिर्णयाची गरज नाही.