वरची कवळी पडत का नाही?

मावशीला कवळी बसवून आठवडा झाला आणि तिने निकाल देऊन टाकला, "वरची झकास जमलीय, खालची डॉक्टरांनी बिघडवली." खरं तर उलटं व्हायला हवं. खालची आपल्या वजनानेच हिरडीवर बसून राहणार. पडायची ती वरची. पण पूर्ण कवळी लावणाऱ्या बहुतेकांची तक्रार मावशीसारखीच असते. वरची गोंदाने चिकटवतात असं काहींना वाटतं. माप नीट असेल तर सहसा गोंद लागत नाही. तिला धरून ठेवते लाळ.

काचेच्या दोन सपाट पट्ट्या घ्या, मध्ये पाण्याचा थेंब टाकून दाबा. बाजूला सहज सरकतील, पण सरळ ओढून सुटणार नाहीत. एक कारण पृष्ठताण. कडेला पाण्याचा पृष्ठभाग आत वळलेला असतो, त्यामुळे थराच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. दुसरं, मला जास्त आवडणारं कारण श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा. पट्ट्या दूर व्हायच्या तर मधली वाढती जागा भरायला द्रव कडेकडून आत यायला हवा आणि चिंचोळ्या फटीतून तो लवकर येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ योसेफ स्टेफान यांनी 1874 मध्ये याचं गणित मांडलं. गोल चकत्यांसाठी हा विरोध द्रवाच्या श्यानतेच्या, ओढण्याच्या वेगाच्या आणि त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर थराच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली की पकड आठपट. त्रिज्या दुप्पट केली की सोळापट! वेगही त्यात आहे, म्हणून अचानक हिसका बसला तरी कवळी टिकते. हळूहळू ढिली झालीच, तर पुढचा घास चावताना थर पुन्हा दाबून पातळ होतो.

आता खालची पाहा. वरच्या कवळीला अख्खा टाळू मिळतो, खालचीला नालाच्या आकाराची अरुंद पट्टी. त्यात जीभ सतत ढकलणार. शिवाय तिच्या कडा साचलेल्या लाळेत बुडालेल्या, म्हणजे पृष्ठताणाचा आधारही गेला. दात काढल्यावर खालचं हाड वरच्यापेक्षा बरंच जास्त झिजतं, ते वेगळंच. डॉक्टर बिचारे काय करणार? आणि "ओकारी येते, टाळूचा भाग कापून द्या" असा हट्ट धरणाऱ्यांनी तो चौथा घात आठवावा.

मावशीने वरचे दात काढायचंच चार वर्षं टाळलं होतं, कारण म्हणे त्याने दृष्टी जाते. दातांच्या संवेदनेची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. दात पडायचं आणि मोतीबिंदूचं वय एक, एवढाच काय तो संबंध.

तोंड कोरडं असेल (रक्तदाबाच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते) तर कवळी ओली करून बसवावी. रात्री काढून पाण्यात ठेवावी. दिवसरात्र लावली तर टाळूवर बुरशी वाढून तो लाल होतो. धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवावं, हातातून निसटली तर तुटत नाही. टूथपेस्टने घासू नये, कवळीच्या ॲक्रिलिक प्लास्टिकवर चरे पडतात आणि त्यात जंतू बसतात. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे.

मावशीने सहा महिन्यांनी 'निर्जंतुक' करायला ती उकळत्या पाण्यात टाकली. दिसायला जशीच्या तशी, पण वाकली होती केसभर. आता वरचीही पडते. परवा पुन्हा माप द्यायला जायचंय.