वर ढिगारे, खाली पोकळी: खाणीची माती परत खाणीत टाकायची कल्पना आली कुठून

चंद्रपूरहून घुग्घुसकडे निघालात की झुडपं उगवलेले जे डोंगर दिसतात ते डोंगर नाहीतच, खाणीतून काढलेल्या माती-दगडाचे ढिगारे आहेत. आणि त्याच घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये एक अख्खं घर जमिनीत गेलं, कारण खाली जुन्या खाणीची पोकळी. मग साहजिकच वाटतं की हे वरचं खाली का नाही टाकत?

टाकतात, खूप वर्षांपासून टाकतात, पण मुळात ते कचऱ्यासाठी नव्हतंच, वरची जमीन खचू नये म्हणून होतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या शेनन्डोआ गावात १८६४ साली एका चर्चचा पाया वाचवायला पाण्यासोबत भराव खाली सोडला असं खाणकामाच्या पुस्तकांत सांगतात. नंतर १८८०च्या दशकात तिथल्याच कोहिनूर खाणीत (नाव खरंच तेच) वर साचलेला कोळशाचा टाकाऊ चुरा पाण्यात कालवून पाईपने खाली सोडायला लागले. तिकडून ही पद्धत युरोपात सायलेशियाला गेली आणि तिथे चुऱ्याऐवजी वाळू आली.

आपल्याकडे याचा कायदा आला माणसं गेल्यावर. डिसेंबर १९३६ मध्ये राणीगंज पट्ट्यात पोईडीह खाणीत स्फोट झाला, २०९ कामगार गेले, आणि १९३९ ला स्टोइंगचा (म्हणजे खाणीतली पोकळी भरून काढण्याचा) कायदा होऊन कोळशावर सेस बसला, त्या पैशातून खाणी भरायच्या. रिकाम्या गोफमध्ये (कोळसा काढून झाल्यावर उरलेल्या पोकळीत) भराव असला की हवा खेळत नाही, आग-गॅसचा धोका कमी होतो, छतही धरून राहतं. झरियात तर दामोदरची वाळू रोपवेने आणायचे.

आता नदीचीच वाळू का, खाणीची माती का नाही? सगळी गोम पाण्यात आहे. वाळूतून पाणी पटकन निथळतं, ते गोळा करून परत वर उपसता येतं. खाणीतला शेल, म्हणजे चिकणमातीचा थराथराचा दगड, मात्र भिजला की त्याचा चिखल होतो, पाणी अडून राहतं, सगळा दाब भराव अडवायला बांधलेल्या बॅरिकेडवर, आणि बॅरिकेड फुटला तर पलीकडे माणसं असतात. म्हणून ही सिस्टीम डिझाईन करायची म्हणजे खरं तर निचरा डिझाईन करायचा.

ढिगारा स्वतःच जीव घेतो हे जगाला कळलं २१ ऑक्टोबर १९६६ ला, वेल्समधल्या अॅबरफॅनला ढिगारा घसरून शाळेवर आला, १४४ गेले, त्यात ११६ मुलं. हे लिहितानाही हात थांबतो. आपल्याकडे डिसेंबर २०१६ मध्ये झारखंडच्या राजमहल खाणीत तेच, २३ कामगार ढिगाऱ्याखाली.

आणि याच काळात आपल्याकडे ओपनकास्ट, म्हणजे वरूनच उघड्या खोदलेल्या खाणी वाढत गेल्या, म्हणजे ढिगारे दुप्पट जोमाने वाढले, भूमिगत खाणी बंद पडत गेल्या आणि नदीची वाळू मिळेनाशी झाली. तेव्हा कुठे तेलंगणात सिंगरेणी या कोळसा कंपनीने ढिगाऱ्यातलीच माती चाळून-धुऊन स्टोइंगला वापरायला घेतली. नागपूरजवळ वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) सुद्धा २०१६ पासून ओबीतून, म्हणजे कोळशावरच्या काढून टाकलेल्या माती-दगडातून, वाळू काढते, पण ती बरीचशी घरं बांधायला जाते. घुग्घुसच्या खालची पोकळी भरायला का नको, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.