रेडिएटर पंखा, ऑफ-रोड गाड्यांतील : यांत्रिक आणि विद्युत

इंजिनातून तापून आलेले कूलंट निवावे म्हणून रेडिएटरच्या जाळीतून हवा खेचणारा पंखा. हमरस्त्यावर गाडीने वेग घेतला की समोरचा वाराच बहुतेक काम करतो आणि पंखा असून नसल्यासारखा असतो. ऑफ-रोडिंगमध्ये गाडी फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सर्वांत मंद गिअर-टप्प्यात, ताशी पाच-सात किलोमीटरने चढत असते, इंजिनावर भार पुरा असतो आणि वारा जवळजवळ नसतो. तिथे सगळी भिस्त पंख्यावर. तो इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा असावा की बॅटरीवर चालणारा, हे गाडी कोणत्या जमिनीवर जास्त चालते त्यावर ठरवावे. ‘इलेक्ट्रिक लावला की पिकअप वाढतो’ एवढ्याच आशेने केलेला बदल पहिल्याच लांब चढावर महागात पडतो.

हवा किती लागते याचा हिशेब सोपा आहे. रेडिएटरने ३० किलोवॅट उष्णता बाहेर टाकायची असेल आणि जाळीतून जाताना हवा ४० अंश सेल्सिअसने तापत असेल, तर सेकंदाला साधारण पाऊण किलो, म्हणजे तासाला सुमारे २,४०० घनमीटर हवा लागते. विद्युत पंख्याच्या खोक्यावरचा आकडा बहुधा पुढे काही अडथळा नसतानाचा असतो. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी), रेडिएटर आणि फटींत वाळलेला चिखल यांतून हवा ओढताना तो बराच खाली येतो. त्यामुळे २,४०० ची गरज असताना खोक्यावर २,४०० छापलेला पंखा घेणे म्हणजे कमी पंखा घेणे.

यांत्रिक पंख्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे वॉटर पंपाच्या शाफ्टवर थेट बोल्टने आवळलेली पाती. विलीज जीप आणि तिच्या वंशातल्या जुन्या गाड्यांत हीच रचना होती. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही, पण पंख्याचा वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट आणि खाल्ली जाणारी शक्ती आठपट होते. गरज नसताना ही शक्ती वाया जाऊ नये म्हणून शाफ्ट आणि पंखा यांना घट्ट तेलातून जोडणारे व्हिस्कस कपलिंग आले. त्याच्या तोंडावर गुंडाळलेली द्विधातू पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, आतली झडप उघडते, सिलिकॉन तेल चकतीच्या खाचांत शिरते आणि पंखा शाफ्टबरोबर ओढला जातो. पुरा पकडला तरी तो थोडा घसरतोच. सकाळी पहिल्या स्टार्टला मिनिटभर जो घोंघाट होतो, तो रात्रभरात तेल खाचांत उतरल्यामुळे. तो दोष नव्हे.

दोष वेगळे दिसतात. कपलिंगच्या तोंडावर तेलकट धूळ चिकटलेली असेल तर तेल गळते आहे. अशी गाडी हायवेवर शहाण्यासारखी चालते आणि घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढतो. इंजिन थंड आणि बंद असताना पाते हाताने फिरवावे: थोडा विरोध जाणवून ते फेऱ्याभरात थांबले तर ठीक, तीन-चार फेरे मोकळे फिरले तर कपलिंग गेले. पात्याचे टोक पुढे-मागे हलत असेल तर कपलिंगचे किंवा वॉटर पंपाचे बेअरिंग पाहावे. टोयोटा लँड क्रूझरवाले कपलिंग फेकत नाहीत. ते उघडून त्यात नवे सिलिकॉन तेल भरतात. हे तेल १८ मिलीच्या ट्यूबमध्ये, ३,००० ते १०,००० सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचे माप) अशा वेगवेगळ्या जाडीचे मिळते. जाड तेलाने पकड घट्ट होते. फारच जाड घातले तर पंखा सतत गरजतो आणि थंडीत इंजिन तापायला वेळ घेते. सुटे कपलिंग आडवे ठेवू नये, तेल नको तिकडे जाते. काढताना मधल्या नटला काही इंजिनांत उलटे आटे असतात. हातोडा उचलण्याआधी ते पाहून घ्यावे.

वाळूत यांत्रिक पंख्याला तोड नाही. तिथे आरपीएम चढलेले, वेग कमी, भार जबरदस्त, आणि इंजिन जितके जोरात फिरेल तितकी हवा वाढते. दगडांवर चित्र उलटे. इंजिन आयडलच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता असलेल्या वेगाच्या, जरा वर, त्यामुळे पंखाही सुस्त. विद्युत पंखा मात्र आयडललासुद्धा पुरी हवा देतो.

पाण्यात दोघांचीही परीक्षा. पंखा हवा मागे ढकलतो तेव्हा त्याच्यावर उलटा जोर पुढे येतो. हवेत तो किरकोळ असतो. पाण्यात तो इतका वाढतो की प्लॅस्टिकची पाती पुढे वाकून रेडिएटरची जाळी खरवडतात किंवा फोडतात. कपलिंग थंड असेल तर ते घसरते आणि धोका कमी होतो, म्हणून तापलेली गाडी ओढ्यात घालण्याआधी थांबवून निवू द्यावी. ग्रिलवर ताडपत्री बांधून संथ, एकसारख्या वेगाने गेले की पुढे लाट तयार होते आणि पंख्याजवळची पातळी उतरते. बेल्ट काढण्याची जुनी युक्ती बहुतेक गाड्यांत वॉटर पंपही थांबवते. ती फार तर मिनिट-दोन मिनिटांपुरती. पावसाळ्यात सह्याद्रीतले ओढे वरचेवर पार करणाऱ्यांसाठी विद्युत पंख्याचा खरा फायदा हाच: डॅशबोर्डवर एक बटण ठेवून तो बंद करता येतो. बटण नसेल तर तापलेल्या इंजिनामुळे पंखा पाण्यातच सुरू होतो, मोटर अडते आणि फ्यूज उडतो. पार झाल्यावर बटण पुन्हा चालू करायला विसरणे हे गाडी तापण्याचे नेहमीचे कारण आहे. बटणाशेजारी एक दिवा लावावा.

विद्युत पंख्याचे बहुतेक दुखणे वायरिंगमध्ये असते. २५ अँपिअर घेणाऱ्या पंख्याला जाऊन-येऊन चार मीटरची २.५ चौरस मिलिमीटर वायर दिली तर ०.७ व्होल्ट वायरीतच जातात. ६ चौरस मिलिमीटरला ०.३ व्होल्टही जात नाहीत. सुरू होताना करंट याच्या दुप्पट-तिप्पट उसळतो, म्हणून ४० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीजवळ फ्यूज आणि अर्थिंग थेट बॅटरीला किंवा खरवडून स्वच्छ केलेल्या चॅसिसला. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, ८२ अंशांचा असेल तर पंखा ९५ च्या आसपास सुरू आणि ८८ ला बंद व्हावा. बंद होण्याचे तापमान ८२ च्या खाली ठेवले तर गरम इंजिनावर पंखा थांबतच नाही. वायरी उलट्या लागल्या तर पंखा फिरतो, पण हवा उलटी फेकतो. ग्रिलवर कागद धरावा, तो चिकटला पाहिजे. जाळीतून आरपार घालायच्या प्लॅस्टिक पट्ट्यांनी पंखा बांधू नये. खडखडाटात त्या रेडिएटरच्या नळ्या घासतात. ब्रॅकेट बाजूच्या चॅनेलवर घ्यावे.

इंजिनावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर आयडलला आपली पुरी क्षमता देत नाही. रुतलेली गाडी दोराने ओढणारी विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या घरात ओढते, व्होल्टेज पडते आणि नेमका तेव्हाच पंखा मंदावतो. रुतलेली गाडी ओढताना इंजिनाचे आरपीएम थोडे चढवून ठेवावे आणि मध्ये थांबावे.

पंखा कोणताही असो, श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचे कडे, नसेल तर तो पात्यांच्या टोकांशी तीच हवा घुमवत बसतो. पाते आणि श्राउड यांत एक-दोन सेंटिमीटर फट असावी आणि पात्यांची साधारण निम्मी जाडी श्राउडच्या आत. बॉडी लिफ्ट केली, म्हणजे चॅसिसवर बॉडी उंच बसवली, की रेडिएटर बॉडीबरोबर वर जातो, यांत्रिक पंखा इंजिनाबरोबर खालीच राहतो आणि श्राउडच्या खालच्या कडेला घासतो. श्राउड तेवढाच खाली सरकवावा लागतो. इंजिनाचे माउंटिंग बसलेले असेल तर गाडी खड्ड्यात आपटली की हाच पंखा रेडिएटरला भिडतो. विद्युत पंखा रेडिएटरवरच बसत असल्याने या दोन्ही कटकटींतून सुटतो. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत, उदाहरणार्थ रेनो डस्टर ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये, इंजिनाचे तोंड बाजूला असल्याने विद्युत पंखाच लागतो.

लडाखच्या ५,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते. त्याच फेऱ्यांत पंखा तितकीच कमी हवा खेचतो. इंजिन गाडीच्या लांबीत उभे बसवलेल्या डिझेल गाडीत व्हिस्कस धड असेल तर तो काढू नये. एसीसाठी हवेच तर कंडेन्सरपुढे छोटा विद्युत पंखा जोडावा. तो मोठा घेतला तर बंद असताना समोरचा वारा अडवतो.

वाटेत विद्युत पंखा बंद पडला आणि फ्यूज शाबूत असेल, तर रिले उपसून त्याच्या सॉकेटमधील ३० आणि ८७ या खाचा जाड वायरीने जोडाव्यात. मोटर चांगली असेल तर पंखा सरळ चालू होतो. इंजिन बंद केल्यावर ही वायर काढायची. बॉनेटमध्ये हात घालण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनलही काढावे, कारण असा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. व्हिस्कस ढिला पडला तर केबिनचा हीटर पूर्ण गरमवर, एसी बंद, गिअर एक खाली, आणि थांबायचे तेव्हा गाडीचे तोंड वाऱ्याकडे.